माझ्या अंगावरचा पिवळा डाग

मी एक जुनी, चिनी मातीची ताटली आहे. तुम्ही मला पॅलेट म्हणता. मधे पसरट जागा आणि कडेने सहा खळगे, एवढाच माझा संसार. भट्टीतून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते आणि मित्रांनो, तो पांढरेपणा शोभेसाठी नव्हता. पातळ रंग माझ्यावर जसा दिसतो तसाच कागदावर दिसावा, म्हणून होता.

वीस वर्षं मी एका बाईंकडे काम केलं. त्या वनस्पतींच्या पुस्तकांसाठी पानाफुलांची चित्रं काढत. रोज मला धुऊन, पुसून ठेवत. पुढे त्यांचा हात थरथरू लागला. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी मला धुतलं नाही. तसंच कपाटात ठेवलं. अंगावरचा पिवळा रंग वाळला, मुरला.

कित्येक वर्षांनी त्यांच्या भाचीने मला बाहेर काढलं. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी दूरच्या गावी, लेकाकडे कायमच्या जाणार होत्या. त्यांचंच चित्र काढून त्यांना द्यायचं, असं पोरीने ठरवलं होतं. जाड कागद घरात दोनच होते.

तिने मला नुसतं पाण्यात बुडवलं, बाईंना खिडकीशी बसवलं आणि नेमका त्या डागावर चेहऱ्याचा रंग कालवला. माझ्यावर तो छान गव्हाळ दिसत होता. मी ओरडून सांगणार तरी कशी? कागदावर गाल जांभळट उमटले.

तिचे बाबा चित्रात डोकावले आणि बहिणीला म्हणाले, "ताई, तुला थंडी वाजतेय का गं?"

"बाबा, जा ना तुम्ही!" पोरीचे डोळे भरले. "आत्या, मला रंगांतलं काही कळतच नाही."

बाईंनी चित्राऐवजी मला उजेडात धरलं. "अगं, चूक माझी आहे. हा पिवळा तुझ्या रंगात नाहीच, खालून डोकावतोय. तुला वाटलं, पिवळा पुरेसा पडला."

मग त्यांनी मला दंतमंजनाने घासघासून घासलं. अंगाची आग झाली, पण डाग गेला.

"आता दुसरा कागद घे आणि लाल, पिवळा, निळा एवढ्याच नळ्या. बाकीच्यांना सुट्टी. माझ्या स्वेटरचा निळा थेंबभर हनुवटीखालच्या सावलीत घाल. गालाचा रंग थोडा मागच्या भिंतीत. शेजाऱ्यांची ओळख नको का करून द्यायला?"

"आणि सगळ्याचा चिखल झाला तर?"

"तिन्ही सारखे ओतलेस तर होईलच. एकाला मोठेपणा दे, दोघांना चिमूटभर."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दाराशी येऊन थांबली तेव्हा भिंतीचा कोपरा अजून ओला होता. बाबा घाई करत होते. बाईंनी चित्र दोन्ही हातांत आडवं धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"ही बाई ओळखीची वाटते," त्या म्हणाल्या.

गाडी गेली. मी पोरीकडे राहिले.

मित्रांनो, चित्र बिघडलं तर स्वतःला नावं ठेवण्याआधी आम्हाला एकदा स्वच्छ धुऊन पाहा. आम्हाला बोलता येत नाही.