मनोऱ्याचा थोरला भाऊ

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. मुकुटबनहून वणीला जाणाऱ्या रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. जुन्या इमारतींची पाहणी करणाऱ्या सुरभी मॅडम नागपूरहून आल्या होत्या. त्या माझ्या पायऱ्यांसमोर उतरल्या, त्यांनी वर पाहिले आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "अरेरे!"

मित्रांनो, तो माझ्यासाठी होता. मी एक जुना डाकबंगला आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, तीन कमानी आणि वय वर्षे एकशे सतरा.

माझा आराखडा थॉर्नबी नावाच्या इंग्रज वास्तुकाराने काढला. नागपुरात आजही त्याचे नाव घेतात, पण ते माझ्यामुळे नाही. तिथे त्याने घड्याळाच्या मनोऱ्याची कचेरी बांधली, वाचनालय बांधले, कॉलेज बांधले. हे सगळे माझ्यानंतर. उन्हाळ्यात गरम हवा वरच्या वर निघून जावी म्हणून छताखाली झरोक्यांची रांग ठेवायची, ही युक्ती त्याने आधी माझ्यावर करून पाहिली. पहिली कमान कोसळली तीही माझीच. राजूरचा चुना बैलांवर लादून आणणाऱ्या तांड्याचा नायक रूपसिंग तेव्हा म्हणाला होता, "साहेब, चुन्याले भिजू द्या जरा. दोन दिवसाचा चुना कमान काय धरन?" साहेबाने चुना पंधरा दिवस भिजत ठेवला आणि कमान उभी राहिली. मग तीच कमान नागपूरला गेली, तीन मजली झाली आणि लोक मान वर करून तिच्याकडे पाहू लागले. चुका माझ्या अंगावर शिकायच्या आणि शोभा त्यांना द्यायची, हा कुठला न्याय?

एक गोष्ट मात्र त्याने सगळ्यांना सारखी दिली. मधल्या कमानीच्या माथ्यावर तो आपली खूण कोरत असे. वर्तुळ काढायचे उघडे कर्कटक आणि त्याखाली इसवी सन. माझ्या खुणेखाली १९०९ आहे. मनोऱ्याच्या खुणेखाली १९१३. थोरला मी आहे.

माझ्याकडे आधी साहेब उतरत, मग इंजिनियर, मग कोळशाचा शोध घेणारे. येणारा प्रत्येक जण मनोऱ्याचे गुण गाई. एका वर्षी चौकीदाराने माझ्याच भिंतीत खिळा ठोकला आणि त्यावर कॅलेंडर टांगले. त्यावर चित्र मनोऱ्याचे! बारा महिने तो माझ्या अंगावर लटकून राहिला.

पुढे मला कुलूप लागले. ते अकरा वर्षांपूर्वी धम्मरत्नने काढायला लावले. तो शेजारच्या वस्तीतला. त्याने इथे अभ्यासिका सुरू केली. आज सकाळ-संध्याकाळ तीसेक मुले-मुली माझ्या झरोक्यांखाली बसून परीक्षांची तयारी करतात. कांताबाई झाडलोट करतात. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी अख्खी वस्ती मिळून मला चुना लावते. त्याबद्दल मी कृतज्ञ असायला हवे होते. पण मुले सहलीहून आली की मोबाइलवर मनोरा दाखवत. दिव्यांनी उजळलेला, चकचकीत. मग मला माझा चुना नकोसा होई.

यंदा कोळशाच्या ट्रकांसाठी रस्ता रुंद करायचे ठरले. मी थॉर्नबीचेच काम आहे असे सिद्ध झाले आणि जतनाच्या यादीत माझे नाव लागले, तर रस्ता थोडा वळेल. नाही तर मी पडेन आणि अभ्यासिकाही जाईल. हेच तपासायला सुरभी मॅडम येणार होत्या.

त्या येण्याच्या चार दिवस आधी कांताबाईंनी वस्ती गोळा केली.

"मॅडम येऊन राह्यल्या. पाहुण्याले असं कळकट घर दाखवाचं काय?"

"मावशी, चुना राहू दे," धम्मरत्न म्हणाला. "या बारीले ऑइल पेंट मारू. नागपूरवाल्यायले बी वाटलं पायजे."

शेजारच्या इंदूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "बंगल्याले नवरदेव करतं काय वं, कांता?"

"मंग! पाव्हणे पाहाले येऊन राह्यले न त्याले!"

दोन दिवसांत मी गुलाबी झालो, कमानी निळ्या झाल्या. माथ्यावरच्या खुणेवरून ब्रश फिरला, एकदा नव्हे, तीनदा. मला ओरडता येत नाही हे खरे. पण मित्रांनो, मला ओरडावेसे वाटलेही नाही. मी मनात म्हणत होतो, आता बघ म्हणावे त्या मनोऱ्याला!

म्हणून तो "अरेरे" मला इतका लागला.

"इथे खूण होती का?" मॅडमनी विचारले.

"होती न. चुन्यातून उठून दिसे. फोटो काढाचं कोनाले सुचलंच नाई," धम्मरत्नचा आवाज बारीक झाला होता.

मॅडम शिडीवर चढल्या. त्यांनी पातळ पातीने चार बोटे जागा हळूच खरवडली. रंगाची साल निघाली आणि तिला चिकटून दगडाचा पापुद्राही आला. त्या लगेच थांबल्या. खाली सनाचे पहिले दोन आकडे तेवढे दिसत होते. त्यांनी मोबाइलवर मनोऱ्याची खूण काढून शेजारी धरली. स्वच्छ, रेघ न् रेघ शाबूत. माझ्या कपाळापाशीही तोच मिरवायला आला.

"नुसत्या दोन आकड्यांवर मला लिहिता येणार नाही. काकू, रंग मारायला कोणी सांगितलं होतं?"

"कोन सांगन? आमचंच डोकं." कांताबाईंनी मान वर केली. "काहून, नागपूरच्या कचेरीले रंग नाई मारत तुमी?"

"मारतो. पण आधी जाणकारांना विचारतो, काकू."

कांताबाई पायरीवर बसल्या. "म्हंजे माह्याच हातानं गेला काय हा?"

मॅडम शिडीवरून खाली उतरल्या. रंग न ओरबाडता काढणाऱ्या माणसाला पाठवते, पंधरा दिवसांत कळवते, असे सांगून त्या गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूला माया लावा, पण हात लावण्याआधी विचारा. ती कशाची बनली आहे, तिच्या अंगावर काय लिहिले आहे, ते आधी पाहा. आणि माझ्यासारखे दुसऱ्याच्या झगमगाटाकडे पाहत बसू नका. मला नागपूरच्या भावासारखे दिसायचे होते. मी त्याचा भाऊ आहे हे सांगणारी एकच जागा त्या हौसेत झाकली गेली.

आज शनिवार, २८ फेब्रुवारी. अठरा दिवस झाले. रंग काढणारा माणूस आलेला नाही. धम्मरत्नने दोनदा फोन केला. फाइल पुढे पाठवली आहे, एवढेच त्याला सांगण्यात आले. आज दुपारी सव्वाबारा वाजता रस्त्याची मोजणी करणारे दोघे आले. त्यांनी माझ्या तिसऱ्या पायरीवर लाल रंगाची आडवी रेघ ओढली. रेघेच्या कोणत्या बाजूचे राहणार, असे कांताबाईंनी विचारले. ते त्यांनाही माहीत नव्हते.