टंगस्टनचं टोक

बायको जाऊन महिना व्हायच्या आतच वेल्डर कामावर हजर झाला, आणि हातही पूर्वीसारखाच चालला. डोळ्यांतून टिपूस नाही. माणूस आहे की धोंडा, असं नातेवाईक म्हणाले. नातेवाइकांचं काय जातं म्हणायला! पण आता लेकही तेच म्हणू लागली होती, आणि संध्याकाळच्या गाडीने ती सासरी परत निघणार होती.

दुपारी ती वर्कशॉपमध्येच येऊन थडकली.

"आईजवळ शेवटी तुम्ही एकटे होतात. काय म्हणाली ती? आज सांगितलं नाहीत, तर मी पुन्हा या घराची पायरी चढायची नाही."

वेल्डर मुळात अबोल. धातूंविषयी मात्र तासभर बोलेल. त्याने उत्तराऐवजी पेन्सिलीपेक्षा बारीक अशी एक कांडी तिच्या तळहातावर ठेवली.

"जड आहे," ती नाइलाजाने म्हणाली.

"टंगस्टन. शिशाहून जड, वजनात सोन्याच्या तोडीस तोड. रूप मात्र यथातथाच."

खरंच होतं ते. करडी, स्टीलपेक्षाही मंद चमक. रस्त्यात पडली असती तर कुणी वाकून उचलली नसती.

"वितळायला हिच्याइतका हट्टी धातू नाही. पांढरीफटक तापते, समोरच्या स्टीलचं पाणी होतं, ही आपली तशीच. आपटलीस तर मात्र मोडेल."

"बाबा, मी आईचं विचारलं."

"हो," म्हणत त्याने डोक्यावर काळ्या काचेचा मुखवटा चढवला आणि दुसरा तिच्या हाती दिला.

या महिन्यात त्याला काय वाटलं होतं? काहीच नाही. खरं तेच होतं आणि वाईटही तेच. गिळायचं, झोपायचं, उठायचं. हॉस्पिटलातलं एक बोलणं तेवढं घशात अडकून होतं. सांगावं तर पोरीला जन्माची टोचणी, न सांगावं तर पोर हातची जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तिच्या हातातली कांडी घेऊन त्याने वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये बसवली आणि टॉर्च पेटवली. कांडीचं टोक वितळलेल्या स्टीलच्या केसभर वर धरायचं असतं. टेकलं की स्टील चिकटतं, टोक बाद होतं आणि पुन्हा घासत बसावं लागतं. ही नवशिक्यांची चूक; त्याच्या हातून ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

"मी वेळेवर पोचले नाही," मुखवट्याआडून लेक म्हणाली, "म्हणून रागावली होती का ती?"

टोक टेकलं. ज्योत फरफरली. त्याने टॉर्च बंद केली आणि मुखवटा वर सरकवला.

"नाही गं. 'पोरगी आली का?' एवढंच विचारलं. मी म्हटलं, आली, दाराशी चपला काढतेय."

स्टीलचा भाव सांगावा तशा आवाजात त्याने ते सांगितलं.

"मग?"

"मग हसली. म्हणाली, आधी तिला जेवायला वाढा, उपाशीच धावत आली असेल. आणि डोळे मिटले."

लेक मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. आता आपल्यालाही रडू येईल असं त्याला वाटलं. आलं नाही. तो बाद झालेल्या टोकाकडे बघत तिच्या शेजारी टेकला.

"आणि त्या दिवशी," तो म्हणाला, "तुला वाढायचं माझ्याकडून राहूनच गेलं."