पोळ्याला बोलावलेले संत

घरी आमच्या डिंपलची टकळी थांबत नाही, बैलांशीसुद्धा गप्पा मारते. आमच्या तालुक्यातल्या गोरेगावच्या कॉन्व्हेंटात मात्र अवाक्षर काढत नाही. तिसरीत गेली तरी तेच. शेवटी सिस्टर मंजूंनी मला बोलावून सांगितलं, दिवाळीपर्यंत पोरगी वर्गात बोलली नाही तर दुसरी शाळा पाहा. मी फाटकाबाहेर येऊन रडले, मग चिडले. तिला बोलतं करायचं काम माझं की त्यांचं?

सिस्टरांनी प्रयत्नच केले नाहीत असंही नाही. त्यांनी वर्गात संत थॉमसची गोष्ट सांगितली होती. शेकडो वर्षांपूर्वी ते शिकायला गेले. अंगाने थोराड, वर्गात गप्प. सोबतचे त्यांना 'मुका बैल' म्हणायचे. त्यांचे गुरू म्हणाले, या बैलाचं हंबरणं एक दिवस साऱ्या जगाला ऐकू जाईल. पुढे ते मोठे विद्वान झाले. आजही विद्यार्थी परीक्षेआधी त्यांची प्रार्थना करतात. ही गोष्ट मलाही सांगून सिस्टरांनी डिंपलसाठी संतांचं चित्र दिलं.

घरी मी नवऱ्याला, श्यामलालला, सगळं सांगितलं. त्यांनी त्यातला बैल तेवढा पकडला.

"हे बैलाचे देव होत का?"

"अवो, शिक्षनाचे होत."

"मंग बैल काऊन म्हंतलं त्याह्यले?"

त्यांनी ते चित्र नेऊन गोठ्याच्या खांबावर लावलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी यांनी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळले आणि रिवाजाप्रमाणे म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग खांबावरच्या त्या चित्राकडे वळून तेच म्हटलं. मी बघतच राहिले. हात जोडू की चित्र काढून घेऊ? तिकडे बैल म्हणजे चिडवणं, आमच्याकडे आज त्याच्याच पाया पडायचं. मला काही सुधरेना.

पोळ्याच्या दिवशी नेमक्या सिस्टर आल्या. डिंपलशी घरी बोलून बघायचं होतं त्यांना. गोठ्यापाशीच थबकल्या. संतांच्या कपाळाला कुंकू, पुढ्यात पुरणपोळी. गेली शाळा, असंच मला वाटलं.

"ये क्या है?"

"आवतन देल्लं होतं, सिस्टर," हे म्हणाले. "आज बैलापेक्षा मोठा पावना नाई आमच्याकडं."

सिस्टर कधी चित्राकडे पाहात, कधी बैलांकडे. रागवावं की हसावं, त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात बैलाच्या आडून आवाज आला.

"बाबा, शाळेत तसं नाई राहात. सिस्टरनं गोष्ट सांगतली तवापासून पोट्टे मलेच मुका बैल म्हंतेत."

"मंग चांगलंच हाय ना, बेटा."

"कायचं चांगलं? पूजा कोनी नाई करत. माही वेनी वढतेत अन् हुर्र हुर्र करून हाकलतेत."

पोरगी सिस्टरांसमोर बोलली याचा आनंद मानू, की काय बोलली ते ऐकून रडू? सिस्टरांचा चेहरा उतरला होता. त्या तिथेच शेणा-मातीत खाली बसल्या.

"माझंच चुकलं, डिंपल. दिवाळीचं विसरून जा. शाळा उघडली की वर्गात हे सगळं सांगशील?"

डिंपल बैलाच्या आडून पुढे आली.

"तुमी माह्याजवळ उभ्या राहान तं."