साखळीचं दुसरं टोक

एप्रिलमधली भर दुपार. घाटंजीपासून नऊ किलोमीटरवरच्या जांभूळतांड्यात तीनशे माणसं रणरणत्या उन्हात उभी होती आणि रुपीबाईची पाठ जळत होती. बाजूलाच चांगला दाट सावलीचा लिंब होता. तो सोडून हा सोहळा उघड्या पटांगणात कशाला, असं कोणीही विचारलं नाही. चमत्कार बघायला आलेला माणूस डोकं घरी ठेवून येतो, त्याला सावली काय आणि ऊन काय.

रुपीबाई पंचावन्नची. थोरला लेक वारल्यापासून तिची झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं आणि ती एकटीच त्या लेकाशी बोलत बसायची. एवढाच तिचा गुन्हा. दोन पुतण्यांनी तिचे हात पिरगाळून धरले होते, चेल्याने केस धरले होते. साखळी महाराज म्हणवणाऱ्या बुवाने निखाऱ्यांच्या खड्ड्यातून बैल बांधायची लोखंडी साखळी ओढून काढली आणि तिच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत टाकली. चर्र आवाज झाला, मांस जळाल्याचा वास सुटला. रुपीबाई अशी किंचाळली की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. पुढच्या एका बाईला ओकारी आली. मागच्यांनी जयजयकार केला, कारण मागे वास पोचत नव्हता.

मग खरा खेळ. महाराजाने तीच साखळी स्वतःच्या उघड्या तळहातांवरून सरकवली, कपाळाला लावली, तिचा मुका घेतला. हात वर करून दाखवले. साधा चट्टासुद्धा नाही.

"लोखंड खोटं बोलत नाई, भाविकहो," तो म्हणाला. "भुताले चावते, भक्ताले चाटते. सरकारी गोळी रोज खा लागते. माही साखळी एकडाव."

एकदाच हे मात्र खरं. दुसऱ्यांदा यायला माणूस शिल्लक राहायला हवा ना.

रुपीबाई आता गप्प पडली होती. भूत गेलं, असं लोक म्हणाले. अरे बाबांनो, तिची शुद्ध गेली होती. पण गर्दीला एवढा बारीक फरक कळत नाही. महाराजाने पुढच्या गुरुवारची पाळी जाहीर केली. तांड्याचे नायक धावजी यांची सून बबिता. मग त्याने हळूच पुस्ती जोडली की त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी ग्रामसभेत दरबारासाठी पत्र्याच्या शेडचा विषय आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

गर्दीच्या कडेला संगीता उभी होती. ग्रामसभेत दुसराही एक विषय होता आणि तो तिचा होता.

संगीता याच तांड्याची लेक, बारावी शिकलेली. दोन वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका संस्थेने इथे मानसिक आरोग्याचं काम सुरू केलं तेव्हा तिला प्रशिक्षण देऊन नेमलं. पहिले तीन महिने नुसता फज्जा उडाला. समाजमंदिरावर 'मानसिक आरोग्य शिबीर' असा मोठा फलक, आत टेबल, टेबलामागे डॉक्टर केतकी. तांड्यातलं कुत्रंही फिरकलं नाही. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाताना कोण स्वतःला दिसू देईल? तेव्हा संगीतानेच सांगितलं की मॅडम, तो फलक काढा, आपण दर सोमवारी बायका कशिदा काढतात तिथे जाऊन बसू. हातात सुई-दोरा असला, मान खाली असली, की बाई मनातलं बोलते. आणि तसंच झालं. कोणाला झोप नाही, कोणाचा नवरा पिऊन मारतो, कोणाच्या कानात आवाज येतात. गप्पांतून नावं कळली, नावांवरून घरं कळली. घरी जाऊन विचारपूस करायची, महिन्याला डॉक्टरांची गाडी आणायची, गोळ्या संपण्याआधी दुसऱ्या पोचवायच्या, अशी घडी बसली. चौदा माणसं सुधारत होती.

त्यातलीच एक बबिता. बाळंतपणानंतर तिला वाटायला लागलं की पाळण्यातलं लेकरू आपलं नाही, कोणीतरी बदललंय. गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत ती त्याच लेकराला मांडीवर घेऊन भाकरी थापत होती. मग मार्चमध्ये संस्थेचा निधी संपला. गाडी थांबली, गोळ्या थांबल्या. पुढचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा असा प्रस्ताव संगीताने दिला, तो फायलीत पडून राहिला. तीन आठवड्यांत बबिताने सासूच्या, लालीबाईच्या, डोक्यात तवा घातला. लालीबाईला सहा टाके पडले आणि बबिताला तिच्या नवऱ्याने, लखनने, गोठ्यात दोरीने बांधलं. नेमका त्याच आठवड्यात हा महाराज कुठूनसा उगवला. जिथे औषध बंद पडतं तिथे असल्यांचं दुकान लागतं, आणि या दुकानाला निधी कधीच कमी पडत नाही.

संगीताला महाराजाइतकाच स्वतःचाही राग आला होता. पदरचं भाडं घालून गोळ्या आणायला हव्या होत्या, कागद पुढे सरकायची वाट बघत बसलो, असं तिला राहून राहून वाटत होतं.

त्या दुपारी तिने रुपीबाईला ऑटोत घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सने लुगडं कापून काढलं तेव्हा संगीताला पाठ नीट दिसली. कमरेवर साखळीच्या नऊ कड्यांचे नऊ खोल डाग होते, मांस दिसेल असे. त्याच्या वर, मानेपर्यंत, काहीच नाही. साखळी तर पूर्ण पाठीवर पडली होती. भूत काय फक्त कमरेत राहत होतं?

दुसऱ्या दिवशी ती हात जोडून लिंबापाशी गेली. साखळी फांदीला टांगलेली होती, कुंकवाने माखलेली. ही साखळी धावजींच्याच गोठ्यातली; तांड्यात भुतं पहिल्यांदा ज्या घरात शिरली तिथलंच लोखंड पाहिजे म्हणून महाराजाने मागून घेतली होती. एका टोकाला मोठी कडी, दुसऱ्याला आकडा. आकड्याकडची बाजू जळून निळी-काळी पडली होती. कडीकडच्या बाजूला, सांध्यांमध्ये, गोठ्यातलं वाळलेलं शेण जसंच्या तसं चिकटलेलं होतं. संगीता त्या शेणाकडे बघतच राहिली. निखाऱ्यात शेण टिकतं होय?

तिने घरी जाऊन आपल्या गाईची साखळी काढली. अर्धी चुलीत घातली, अर्धी बाहेर राखेवर ठेवली. पाऊण तासाने आतली कडी चिमट्याने उचलून पाहिली, तर लालबुंद. बाहेरचं टोक भीत भीत हातात धरलं, तर जेमतेम कोमट. साखळीच्या कड्या एकमेकींना टेकतात त्या इवल्याशा जागेत, त्यामुळे एका कडीची उष्णता दुसरीत फारशी जातच नाही. मग ती साखळी घेऊन अंगणात आली, आणि उन्हात तो लाल रंग दिसेनासा झाला. कुठली बाजू तापलेली, कुठली थंड, काही कळेना. भर दुपार का आणि सावली का नको, ते तिला तिथे कळलं.

केतकी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मी गुरुवारी पोलिसांना घेऊन येते, तू एकटी मध्ये पडू नकोस. मग संगीता धावजींच्या ओट्यावर गेली आणि सगळं सांगितलं. साठीतले धावजी मान खाली घालून ऐकत राहिले.

"पटते मले," ते म्हणाले. "पण पोरी, माह्या घरची गोष्ट आहे. मले तोंड उघडता येत नाई."

या तांड्याची रीतच तशी होती. नायकाच्या स्वतःच्या घरचा प्रश्न आला की नायकाने पागोटं उतरवून बाजूला बसायचं आणि पंच ठरवतील ते मान्य करायचं. पक्षपात नको म्हणून कोण्या शहाण्याने घालून दिलेली रीत. पंचांनी ठरवलं होतं की बबिताला साखळीखाली द्यायचं.

"काका, थे जळून मरन," संगीता म्हणाली.

धावजी उठून आत गेले.

गुरुवारी माणसं दुप्पट झाली. बबिताला फरफटत आणलं तेव्हा तिच्या दंडांवर दोरीचे वळ होते आणि तिच्या अंगातून दूध पाझरून चोळी भिजली होती. चेल्याने आधी निरगुडीच्या फोकाने तिला सोलून काढलं. भूत नरम पडायला पाहिजे म्हणे. लखन तिचे हात धरून उभा होता आणि रडत होता. लालीबाई पदराआड तोंड लपवून बसली होती. धावजी पागोटं मांडीवर घेऊन कडेला, दगडावर. रस्त्यावर केतकी मॅडमच्या गाडीचा पत्ता नव्हता.

महाराजाने साखळीला हात घातला आणि संगीता मध्ये गेली.

"महाराज, साखळी दुसऱ्या टोकानं धरा."

एक क्षण कोणालाच काही समजलं नाही. चेल्याला समजलं. त्याने फोक उलटा करून तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, पुढचा दात तुटून मातीत पडला. कोणीतरी मागून लाथ घातली, कोणीतरी केस धरले. हिच्या अंगातही शिरलं, धरा हिला, असा महाराजाने आवाज दिला आणि कालपरवापर्यंत तिच्याकडून गोळ्या मागणारी माणसं तिच्यावर तुटून पडली. संगीता रक्त थुंकत गुडघ्यांवर उठली. ती पुरुषांकडे बघतच नव्हती. ती सोमवारच्या बायकांशी बोलत होती.

"बायांनो, कडीपाशी पाहा. शेण हाये तिथं, वाळलेलं. विस्तवात शेण जळत नाई काय? मंग रोज गोवऱ्या कायले थापता?"

बायका पुढे सरकल्या. गोवरी कशी पेटते हे त्यांना कोणत्या महाराजाने शिकवायची गरज नव्हती. एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली की हो वं, शेणच हाये. महाराजाने ते ऐकलं आणि घाईने साखळी ओढली, गरगर फिरवून बबितावर टाकायला हात उचलला.

ती बबितावर पडलीच नाही. धावजींनी आकड्याकडचं टोक मध्येच हाताने धरलं होतं.

पुन्हा तोच चर्र आवाज, तोच वास. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची शीर न् शीर तटतटली, पण मूठ सुटली नाही.

"सांग," ते दातओठ खात म्हणाले. "चाळीस वर्सं नायकी केली म्या. माह्या अंगात कोणाचं भूत हाये? हे टोक तू धर आता. देवाची साखळी हाये ना, धर."

त्यांनी मूठ उघडली तेव्हा तळव्याचं कातडं लोखंडाला चिकटून गेलं. महाराजाने कडी टाकली आणि तो पळाला.

पन्नास पावलंही गेला नसेल. आत्तापर्यंत त्याच्या पाया पडणारी तीच माणसं दगड घेऊन धावली. चेल्याचं डोकं फुटलं. महाराजाला खाली पाडून लाथाबुक्क्या सुरू झाल्या, आणि लखनने साखळी उचलली, चिंधीने कडी धरून, आकड्याचं टोक त्याच्या तोंडावर टाकायला. संगीता धडपडत तिथे पोचली आणि तिने लखनचा हात धरला.

"मारून भूत निघत नाई, आत्ताच पायलं ना?" ती म्हणाली. "मंग मारून शहाणपण तरी कसं येईन? ठेव थे खाली. तुही बायको तिकडं पडली हाये, तिले उचल."

लखनने साखळी टाकली. केतकी मॅडम पोलिसांना घेऊन पोचल्या तेव्हा महाराज लिंबाला बांधलेला होता आणि पाणी मागत होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवून त्याला नेलं. जाताना तो म्हणाला की साखळी कोपली. ती कोपलेली नव्हती, तापलेली होती, पण काही लोकांना अजूनही फरक कळायचा होता.

सोमवारी ग्रामसभा भरली. पत्र्याच्या शेडचा विषय कोणी काढलाच नाही. दुसरा विषय संगीताचा. बसायला एक खोली, महिन्याला डॉक्टरांची गाडी, घरोघर फिरणाऱ्या बाईचं मानधन, आणि एक अट, तिने आपणहून घातलेली: पैसा कुठेही अडला तरी गोळ्यांचा साठा तीन महिने पुरेल इतका आधीच घेऊन ठेवायचा. एक पंच पुटपुटला की वेड्यांसाठी एवढा खर्च? त्यापेक्षा नाली बांधू.

धावजी उभे राहिले. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. त्यांनी पागोटं उतरवलं नाही.

"माह्या घरची गोष्ट हाये, म्हून मीच बोलतो," ते म्हणाले. "माही सून बिमार होती. ताप येते तसं मनालेबी दुखणं येते. गोळ्या व्हत्या तंवर बरी होती, गोळ्या थांबल्या अन् आमी तिले जाळाले नेलं. शेण जळलं की नाई एवढं पाहाले कायची पोथी लागत नाई. डोळे उघडे लागते. माहे बंद होते. तुमी आपले उघडा."

एवढंच बोलून त्यांनी पट्टीचा हात वर केला.

वाचकहो, यापेक्षा अवघड काही सांगायचं नाही. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला दुसरं टोक धरायला सांगा. आणि घरात कोणाचं मन दुखत असेल तर त्याला औषध द्या, सोबत द्या, आणि त्या दोन्ही गोष्टी बंद पडणार नाहीत याची सोय आधी करा.

त्या सभेत लालीबाईचा हात वर गेला, लखनचा गेला, सोमवारच्या बायकांचे सगळे हात गेले. दवाखान्यातून कालच आलेली रुपीबाई मागे भिंतीपाशी बसली होती. हात ताणला की कमरेची जखम ओढली जायची, म्हणून तो खांद्याच्या वर जाईना. तिने तो छातीपर्यंत उचलला आणि तसाच धरून ठेवला. ग्रामसेवक मोजत मोजत तिच्यापाशी आला, थांबला, आणि त्याने तो हातही मोजला.