बिनमिठाचं भरीत

"भूक लागनी," कांतीआप्पा म्हणाले.

जमनाबाई चपला घालत होती. ती तशीच एका पायावर थांबली.

"काय म्हनात?"

"भूक लागनी म्हनी ऱ्हायनू. कान भरी गयात का तुन्हा?"

डायलिसिसचं मशीन पुसणाऱ्या ममता सिस्टरनं मान वर केली. रात्रीचे सव्वादहा वाजले होते. तिसऱ्या पाळीतले बाकीचे तीन पेशंट निघून गेले होते. आप्पा खाटेच्या काठावर बसून डाव्या दंडावरचा कापसाचा बोळा अंगठ्यानं दाबून धरत होते.

"काकू, सहा आठवड्यांनी ऐकतेय मी हे," सिस्टर म्हणाली. "आता घरी जाईपर्यंत थांबू नका. इथंच कुठं तरी गरम खाऊ घाला. मीठ नको, टोमॅटो नको, पाणी मोजून. आज वजन बघितलं ना? अठ्ठेचाळीस. याच्या खाली गेलं तर मशीनही झेपायचं नाही त्यांना."

जमनाबाईनं मान हलवली. अठ्ठेचाळीस हा आकडा तिनंही काट्यावर वाचला होता. दीड वर्षापूर्वी याच काट्यावर एकसष्ट होते.

भुकेचं गणित तिला पाठ होतं. एरवी आप्पांच्या तोंडाला लोखंडाची चव असे. भाकरीचा तुकडा ते एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत राहत आणि शेवटी अंगणात जाऊन थुंकत. रक्त धुऊन निघालं की तासाभरासाठी चव परत येई. पण नंदुरबारहून गावी, प्रकाशाला, पोचायला पाऊण तास लागे. चूल पेटेपर्यंत आप्पा झोपलेले असत. डबा आणून पाहिला होता. दुपारी तीनला भरलेला डबा रात्री दहाला उघडल्यावर आप्पांनी झाकण परत लावलं होतं. "लोके शिळं नही खायेत मन्हा हातनं. अन् मी खाऊ?" सकाळची पाळी मागितली होती. यादीत नाव लागलं होतं. यादी पुढे कशी सरकते हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. चार मशीनवरचं कुणी गेलं की जागा होते, एवढंच.

आणि आता तर धुतल्यानंतरचीही भूक मेली होती. सहा आठवडे. आज ती उठली होती.

खाली नवलसिंग ओम्नीत पाय दुमडून झोपला होता. सातपुड्याच्या पायथ्याचा हा माणूस आठवड्यातून दोनदा त्यांना आणायचा आणि न्यायचा. जमनाबाईनं काच वाजवली.

"नवलसिंग, ऊठ. आप्पाले भूक लागनी."

तो इतक्या झटक्यानं उठला की डोकं छताला आपटलं. "आप्पाले? खरंच?"

"भाऊ, तू बी सरकारी पंचनामा करस का?" आप्पा आत बसत म्हणाले. "चाल."

स्टेशन रोडवरच्या पहिल्या खानावळीचं शटर कमरेपर्यंत खाली आलं होतं. आतल्या माणसानं वाकून बघितलं, हातातला झाडू हलवला आणि शटर गुडघ्यापर्यंत आणलं. दुसऱ्या ठिकाणी खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या होत्या. बसस्टँडसमोर अंडाबुर्जीच्या आणि चायनीजच्या गाड्या मात्र पेटलेल्या होत्या. नवलसिंगनं वेग कमी केला. कढईत काळ्या बाटलीतलं पाणी पडत होतं आणि त्यावर मुठीमुठीनं पांढरं काही भुरभुरत होतं.

"मीठ," जमनाबाई म्हणाली. "चाल पुढे."

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात आप्पांनी लोणच्याची एक फोड खाल्ली होती. त्या रात्री तहान आवरली नाही. चोरून तांब्याभर पाणी प्यायले. पहाटे छातीत पाणी भरलं, आणि नवलसिंगनं ही पाऊण तासाची वाट पंचवीस मिनिटांत कापली होती. दोन दिवस नळी नाकात होती. तेव्हापासून जमनाबाईनं घरातल्या मिठाच्या बरणीची जागा बदलली होती.

"शे ना भूक?" तिनं मागं वळून विचारलं.

"शे."

गावाबाहेरच्या वळणावर एक फॅमिली रेस्टॉरंट उघडं सापडलं. झाडांना निळ्या दिव्यांच्या माळा, आत गाणी, चार टेबलं भरलेली. मॅनेजर स्वतः पुढं आला, टेबल पुसून घेतलं, जाडजूड मेनू आप्पांच्या हातात दिला. जमनाबाई समोरच्या खुर्चीवर बसली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण हॉटेलात नवऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बसत होती. सारंगखेड्यापासून लोणखेड्यापर्यंतच्या मांडवांत चौतीस वर्षं रांधणारा हा आचारी हॉटेलाची पायरी चढला नव्हता. मांडवातसुद्धा तो सगळ्यांत शेवटी जेवायचा. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, की भट्टीजवळ पाटावर बसून उरलंसुरलं खायचा. घरी आल्यावर जमनाबाई जे वाढील ते, काही न बोलता.

आप्पांनी मेनू पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

"एकशे चव्वेचाळीस भाज्या शेत," ते म्हणाले. "कितला जन रांधतस?"

"तीन, काका."

"असं."

"दादा," जमनाबाई मॅनेजरला म्हणाली, "बिगर मीठनं काय भेटी?"

"म्हणजे कमी मीठ?"

"कमी नही. बिलकुल नही. किडनी गयी यासनी."

मॅनेजरचा चेहरा बदलला. तो खुर्ची ओढून बसलाच. "मावशी, खरं सांगू का? आमच्याकडं तीन ग्रेव्ह्या असतात. लाल, पिवळी, पांढरी. दुपारी चारलाच होतात आणि मीठ तेव्हाच पडतं."

"साधी डाय?"

"डाळीत तर शिजवतानाच पडतं."

"रोटी?"

"पिठातच मीठ आहे." तो ओशाळला. "पापडाचं तर विचारूच नका."

"म्हंजे तुम्ही रांधतस नही," आप्पा शांतपणे म्हणाले. "गरम करतस."

शेजारच्या टेबलावरचा एक जण हसला. मॅनेजरही हसला, पण त्याला लागलेलं दिसलं. त्यानं फोन काढून आणखी दोन ठिकाणी विचारलं. एकानं उचलला नाही. दुसऱ्यानं उचलून बंद झाल्याचं सांगितलं. "काकडी कापून देऊ का?" तो म्हणाला. काकडी बशीत आली. आप्पांनी एक चकती उचलली, चावली. उरलेल्या चकत्या तशाच राहिल्या.

अकराला दहा कमी होते. उठताना आप्पांनी खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. जमनाबाईला त्यांच्या मनगटाचं हाड दिसलं. याच मनगटानं हजार माणसांचं वरण ढवळलं जायचं. तिनं नजर दुसरीकडं नेली.

"शे ना भूक?"

"शे थोडीशी."

एवढं मोठं गाव, जिल्ह्याचं ठिकाण, आणि एका माणसाला एक गरम घास मिळेना. कुणाला दोष द्यावा तर तसं कुणी वाईटही वागलं नव्हतं. सगळ्यांनी खऱ्या खेदानं मान हलवली होती.

"जाऊ दे ना," आप्पा म्हणाले. "घर चाल."

नवलसिंगनं गाडी प्रकाशाच्या रस्त्याला घातली. जानेवारीचा गारठा काचेच्या फटीतून आत येत होता. दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी झालेली शेतं होती. जमनाबाई गाडीच्या घड्याळाकडं बघत होती.

"थांब," आप्पा काचेच्या फटीशी नाक नेत एकदम म्हणाले. "थांब रे. पऱ्हाट्यास्ना धूर शे."

"कोनीतरी शेकी ऱ्हायनं व्हई, आप्पा," नवलसिंग म्हणाला. "थंडी पडेल शे."

"शेकाले वांगं लागस का? वांगा भाजी ऱ्हायनात. देठसकट."

नवलसिंगनं गाडी मागं घेतली. बाभळीआड पत्र्याची एक शेड होती, ट्यूबलाइट लुकलुकत होती. बाहेर पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या आरावर दोन मोठी हिरवी वांगी पडली होती. काळीठिक्कर झालेली, फुसफुसणारी. जवळ एक बाई उकिडवी बसली होती. साधारण चाळिशीची, डोक्याला मफलर गुंडाळलेला. मागच्या टेबलांवर ट्रकवाल्यांच्या उष्ट्या ताटांचा ढीग होता.

"बंद व्हई गयं, दादा," ती न बघताच म्हणाली. "हाई आमना घरसाठे शे."

जमनाबाई खाली उतरली. आता ती हात जोडायलाही तयार होती आणि तिनं ते जोडलेच. सगळं एका दमात सांगितलं. मशीन, वजन, सहा आठवडे, तीन हॉटेलं. बाई ऐकत राहिली. मग तिनं गाडीच्या उघड्या दाराकडं बघितलं. आप्पा एक पाय बाहेर टाकून बसले होते.

"हाई प्रकाशाना कांतीआप्पा का?"

"व्हय. तू कोन, माय?" आप्पा म्हणाले.

"मी अनुसया. लोणखेडानी. मन्हा लगीनले तुम्हीच व्हतात. वीस वरीस व्हई गयात."

आप्पा क्षणभर आठवत राहिले. "वारानी मांडव उडेल व्हता, तेच का? भट्टीवर पत्रा धरेल व्हता चार जनंसनी."

"तेच, तेच!"

"बुंदी कच्ची ऱ्हायनी व्हती त्या दिन."

"कोनलेच समजनं नही, आप्पा!"

"माले समजनं व्हतं."

अनुसयाबाई हसली आणि लगेच उठली. टेबल पुसलं, स्टीलचा जग भरून ठेवला, आप्पांना हाताला धरून आणलं. जमनाबाई तिच्या मागोमाग चुलीपाशी गेली.

"बहीन, मीठ टाकानं नही. बिलकुल."

अनुसयाबाईच्या हातातलं वांगं तिथंच थांबलं. "अयनं? बिगर मीठनं?" ती हळू आवाजात म्हणाली. "अयनं तर सुतकमा खातस, वैनी. दारशे उना मानूसले कसं वाढू मी?"

"डॉक्टरनी सांगेल शे."

"तसं व्हय," अनुसयाबाई म्हणाली आणि वांग्याची साल काढू लागली.

जमनाबाई बाजूला उभी राहून बघत राहिली. हिरव्या मिरच्या आरावर भाजल्या, लसणाबरोबर ठेचल्या. लाकडी उखळात वांग्याचा गर पडला, मुसळाचे घाव बसू लागले. भाजलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. मिठाचा डबा चुलीपलीकडं होता, झाकण लावलेला. मग आप्पांना खोकला आला. जमनाबाई गाडीतून कानटोपी आणायला गेली. नवलसिंग मागच्या सीटवरच्या पिशव्यांत ती शोधत होता. दोन मिनिटं गेली असतील, फार तर तीन.

ती परतली तेव्हा ताट आप्पांसमोर आलं होतं. वाफाळलेलं हिरवट भरीत, कडा फुललेली ज्वारीची भाकरी.

आप्पांनी पहिला घास घेतला. जबडा थांबला. इथंच ते दरवेळी उठत. आप्पांनी डोळे मिटले, परत उघडले आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. भाकरी अर्धी झाली, संपली. अनुसयाबाईनं तव्यावरून दुसरी आणून टाकली. नवलसिंग दाराच्या खांबाला टेकून उघड्या तोंडानं बघत होता.

"काय बघी ऱ्हायना रे?" आप्पा म्हणाले. "मानूस खास, त्यामा काय तमाशा शे?"

"काही नही, आप्पा. बघाले बरं वाटस."

जमनाबाईला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती उगीच भाकरीचा तुकडा मोडू लागली. हाती आलेला तुकडा तिनं आप्पांच्या ताटातल्या भरताला लावला. बिनमिठाचं एवढं गोड कसं लागतं, ते तरी कळावं.

तिनं तुकडा तोंडात घातला.

मीठ होतं. जास्त नाही, कमी नाही. जिथं असायला हवं तिथं, जेवढं हवं तेवढं.

ती चुलीकडं वळली. अनुसयाबाई पाठमोरी बसून आर विझवत होती. त्यावर ती वाजवीपेक्षा जास्त पाणी शिंपडत होती आणि वळून बघत नव्हती. जमनाबाई आप्पांकडं वळली. त्यांचा हात ताटावर अधांतरी थांबला होता.

"तुम्हाले समजनं व्हतं," ती हळूच म्हणाली.

"पहिलाच घासले."

"मंग?"

आज बुधवार होता. पुढची पाळी शनिवारी. मध्ये दोन अख्खे दिवस आणि तीन रात्री. आजची रात्र तर अजून सगळीच शिल्लक होती. ताटात पाऊण भाकरी होती आणि भरताचा एक चांगला गोळा. आप्पा तिच्याकडं बघत होते. चौतीस वर्षं ज्या माणसानं भट्टीजवळ कुणाला बोलू दिलं नव्हतं, तो तिच्या होकाराची वाट बघत बसला होता.

"कसं जमनं, आप्पा?" अनुसयाबाईनं पाठमोरंच विचारलं.

"बराबर शे," आप्पा म्हणाले. "काहीच कमी नही."

जमनाबाई उठली. टेबलावरचा पाण्याचा जग तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि शेडच्या पार टोकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग परत येऊन बसली. उरलेल्या भाकरीचे तिनं लहान लहान तुकडे केले आणि ताट आप्पांच्या बाजूला सरकवलं.

"जेवा," ती म्हणाली. "थंडं व्हई ऱ्हायनं."