ताईचा ठिपका

पुस्तकाला चार्जिंग लागतं असं मला कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी दुकानातून हाकलून दिलं असतं. आणि सांगितलं ते माझ्याच सख्ख्या भाच्याने, माझ्याच बाइंडिंगच्या दुकानात, खळीच्या डब्याशेजारी ती काळी पाटी ठेवून.

"मावशी, शेकडो पुस्तकं मावतात यात."

"मावू देत. उसवून दोघींना वाटून देता येतं का त्यातलं एक तरी?"

तो हसला. मी काय म्हणतेय ते त्याला ठाऊक होतं. आमचे बाबाही बाइंडर. घरात जाडजूड कादंबरी आली की आम्हा दोघी बहिणींची झोंबाझोंबी ठरलेली. मग बाबा तिची शिलाई उसवून दोन भाग करायचे. पहिला भाग आधी ताईला. तो संपवून ती दुसऱ्याला लागली की पहिला माझ्याकडे. तोवर मी चडफडत बसायची. दोघींचं वाचून झालं की बाबा पुन्हा शिवायचे, पुठ्ठा चढवायचे. नियम एकच, पुढे असेल तिने तोंड उघडायचं नाही. पुढे कायम ताईच. गोष्टीत कोण मरतं हे कळल्यावरही जेवताना चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही.

आता ताईच्या डोळ्यांचे पडदे झिजत चाललेत. छापील अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसतात. त्या पाटीवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, एवढं मला मान्य. म्हणून भाच्याने तीन पाट्या घेतल्या, त्याच्या आईला म्हणजे ताईला, मला आणि स्वतःला. खातं एकच, तिघांना कादंबरीही एकच. पानाच्या तळाशी एक रेघ आणि तिच्यावर तिघांचे तीन ठिपके. कोण कुठवर पोचलंय ते सगळ्यांना दिसणार.

"ही चहाडी कशाला?" मी भडकले. "कोण काय वाचतंय ते पुस्तकाने घरभर सांगत सुटायचं?"

"आई एकटी राहते, मावशी. तिचा ठिपका हलतोय तोवर मला घोर नाही. थांबला की समजायचं, डोळे गेले. मग तिला माझ्याकडे नेणार. ठरलंय तसं."

ठरलंय म्हणे! कुणी ठरवलं? ताईला विचारलं होतं? स्वतःचं घर, गॅलरीतल्या कुंड्या, भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत, हे सगळं सोडून तिने याच्या उंच इमारतीतल्या एका खोलीत जाऊन बसायचं! हे वाचन नव्हतंच, पहारा होता. आणि पहारेकऱ्याचा स्वतःचा ठिपका पहिल्या पानावर गोंद लावल्यासारखा चिकटलेला.

रागाच्या भरात मी सरळ शेवटचं प्रकरण उघडलं आणि वाचून काढलं. लगेच ताईचा फोन.

"शेवट वाचलास ना गं? लाज कशी वाटत नाही? तुझा ठिपका टोकाला जाऊन बसलाय."

मी त्या पाटीला लाखोली वाहिली. कागदाच्या पुस्तकाने मला असं कधी उघडं पाडलं नव्हतं.

"बरं, आता तू पुढे आहेस," ताई म्हणाली. "तोंड उघडायचं नाही."

काही दिवस तिचा ठिपका सरकत राहिला. मग नायिका घर सोडून नावेत बसते तिथे थांबला. मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "चाललंय की. काय रंगलंय म्हणून सांगू!" दुसऱ्या दिवशीही ठिपका नावेतच. मी दुकानाचं शटर ओढलं आणि तडक तिच्याकडे गेले.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पाटी मांडीवर, उलटी धरलेली.

"ये. आत्ताच वाचत होते," ती म्हणाली.

मी पाटी तिच्या हातातून घेतली. सुलट केली. तिला सगळं कळलं.

"मोठी अक्षरंही विरघळतात गं," ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस. इथे हात लांबवला की वस्तू सापडते मला. तिथे काय, भिंती चाचपत बसू?"

मला इतका संताप आला, की रडूच फुटलं. तिच्या डोळ्यांचा संताप, भाच्याचा, आणि हातातल्या त्या चोंबड्या पाटीचा. फोडून टाकावीशी वाटली. पण फोडली असती तर ठिपका तिथेच राहिला असता.

मी स्टूल ओढलं आणि नावेपासून मोठ्याने वाचायला लागले. पान सरकवलं. ठिपका हलला.

तेव्हापासून रोज दुपारी दुकान बंद करून मी तिच्याकडे जाते. तिची औषधं बघते, गॅस बघते, मग वाचायला बसते. नायिकेचं पुढे काय होणार ते मला माहीत आहे. आवाज कापू देत नाही.

काल वाचता वाचता भाच्याचा फोन आला.

"मावशी, बघितलंस? आई कशी भराभर वाचतेय! आता तरी कबूल कर. तुझ्या कागदाच्या पुस्तकाला जमलं असतं हे?"

जीभ नुसती शिवशिवत होती. ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"नसतं जमलं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

"वाच पुढे," ताई म्हणाली.