एकाच बाजूला हिरवा

मित्रांनो, चौकातला तो जरासा वाकलेला खांब पाहिलात ना? तो मी, एक जुना सिग्नल. पत्रा कापून, ठोकून, भट्टीत रंग पक्का करून मला घडवलं आणि इथे उभं केलं. चार रस्त्यांकडे माझी चार तोंडं. सुरुवातीला लोक माझं ऐकत. शिव्या दिल्या तरी थांबूनच देत.

मग एका ट्रकने मला धडक दिली. खांब वाकला, पायथ्याची पेटी चेपली, आतल्या तारा सोलवटल्या. कुणीतरी पेटीभोवती दोरी आवळली आणि तीच दुरुस्ती ठरली. तेव्हापासून माझे दिवे मधूनच जात. दिवे गेले की जो तो आपलीच गाडी पुढे रेटायचा. माझ्यासमोर आरसे फुटले, दात पडले, पान्याने डोकी फुटली.

गाडी शिकवणारे एक मास्तर मात्र शिकाऊंना बजावत, की दिवा बंद असला तर तो लालच समजायचा. थांबायचं, चहूकडे बघायचं, आधी आलेल्याला आधी जाऊ द्यायचं आणि पायी चालणाऱ्याला त्याच्याही आधी. ब्रेक शिकवताना ते स्वतः गाडीसमोर उभे राहून हात वर करत. गाडी त्यांच्या पावलांशी येऊन थांबे. त्या हातावर त्यांचा फार विश्वास बसला होता.

त्या दुपारी गाडी त्यांची लेक चालवत होती. तिच्याकडचे माझे तिन्ही दिवे विझलेले. ती थांबली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दाबूनच धरला, मग उतरून काचेवर बुक्की मारली.

"काय हो काका, गाडी शिकवताय की अंगाई गाताय?"

मास्तर उतरले. त्याने त्यांची कॉलर धरली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि ते आडवी वाहनं थांबवायला चौकाकडे वळले.

"बाबा, आत बसा. आपण थांबू," लेक म्हणाली.

"अगं, हात दाखवला की थांबतात सगळे."

मधोमध जाऊन त्यांनी हात वर केला. त्यांना वाटलं, माझ्या चारही बाजू बंद आहेत. पण आडव्या रस्त्याकडचा हिरवा जळत होता. तिकडून एक मोटार भरधाव आली. मास्तर तिच्या टपावर आदळले आणि तिथून माझ्या पायथ्याशी. पेटी रक्ताने माखली.

टेम्पोवाल्याने मोटारवाल्याला बाहेर ओढून लाथांनी तुडवलं. तो रडत एकच म्हणत होता, "मला हिरवा होता हो." ते खरंच होतं. वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली लेक त्याला मारू नका म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

मास्तर गेल्यावर मला नवी पेटी मिळाली.

मित्रांनो, एखादा सिग्नल बिघडलेला दिसला तर लगेच मोठ्यांना कळवायला सांगा. पुढे गाडी चालवू लागलात की बंद दिव्यापाशी थांबा, पण गाडीतच थांबा. आपला दिवा बंद आहे म्हणून दुसऱ्याचाही बंद असेल, असं धरून चालू नका. मागचा बोंबलला तर बोंबलू द्या. आणि हिरवा मिळाला तरी वेग आवरून नीट बघा. हिरवा दिवा फक्त जायची परवानगी देतो. रस्त्यात कुणाचे वडील उभे आहेत का, ते तुम्हालाच बघावं लागतं.